आप्त कोण? तेल कंपनीचे संशोधन आणि न्यायदर्शनाची कसोटी

न्यायदर्शनाने यथार्थ ज्ञानाची चार साधने मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यांतील शब्द म्हणजे आप्ताचे, विश्वासार्ह व्यक्तीचे, सांगणे. माणसाला स्वतः पाहून किंवा तर्काने कळते ते थोडे आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून कळते ते पुष्कळ, म्हणून आप्त कोणाला म्हणावे याचा विचार या दर्शनाला फार बारकाईने करावा लागला. न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनांनी आप्ताच्या ठिकाणी दोन गोष्टी एकत्र मागितल्या आहेत: त्याला त्या वस्तूचे साक्षात ज्ञान असले पाहिजे, आणि जसे कळले तसेच इतरांना सांगावे या इच्छेने तो बोलता झाला पाहिजे. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू होते, असेही ते स्पष्ट करतात. आधुनिक काळाने पहिल्या अटीला, म्हणजे तज्ज्ञतेला, इतके महत्त्व दिले की दुसरी अट जवळजवळ विस्मरणात गेली. ज्ञान मिळवणारा आणि त्या ज्ञानाने ज्याचे नुकसान होणार तो एकच असेल, तेव्हा या दुसऱ्या अटीचे काय होते, हा प्रश्न एक्सॉन या अमेरिकन तेल कंपनीच्या संशोधनाने ढळढळीतपणे समोर आणला आहे.

ही कंपनी महाराष्ट्राला परकी नव्हती. मुंबईत ट्रॉम्बे येथे तिचा तेलशुद्धीकरण कारखाना एस्सो या नावाने चालत असे. 1974 मध्ये भारत सरकारने एस्सोचा येथील कारभार ताब्यात घेतला आणि त्यातून हिंदुस्थान पेट्रोलियम उभी राहिली. त्यानंतर तीनच वर्षांनी, जुलै 1977 मध्ये, जेम्स ब्लॅक या एक्सॉनच्या शास्त्रज्ञाने कंपनीच्या व्यवस्थापन समितीला सांगितले की, मनुष्य हवामानावर परिणाम घडवत असेल, तर तो बहुधा कोळसा आणि तेल जाळून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या मार्गाने, असे वैज्ञानिकांचे सर्वसाधारण मत आहे. हा वायू सूर्यप्रकाश आत येऊ देतो, परंतु तापलेल्या जमिनीतून बाहेर पडणारी उष्णता अडवतो.

कंपनीने हे ऐकून कानांवर हात ठेवले नाहीत, ही नोंद न्यायाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. एस्सो अटलांटिक या तिच्या अजस्र तेलवाहू जहाजावर 1979 मध्ये उपकरणे बसवण्यात आली. हवेतील आणि समुद्राच्या पृष्ठभागावरील पाण्यातील या वायूचा दाब जहाजाच्या वाटेवरच मोजला जाई, कारण दोन्हींची तुलना केली की त्या जागी समुद्र वायू शोषतो आहे की बाहेर टाकतो आहे हे कळते, आणि मानवाने सोडलेल्या वायूपैकी किती भाग समुद्र पोटात घेतो हा त्या काळच्या विज्ञानाचा कळीचा प्रश्न होता. पुढे कंपनीतील शास्त्रज्ञांनी हवामानाची गणिती प्रारूपेही अभ्यासली. रॉजर कोहेन या संशोधन अधिकाऱ्याने सप्टेंबर 1982 मध्ये वरिष्ठांना कळवले की, हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान सुमारे 3 अंशांनी, दीड अंश इकडेतिकडे, वाढेल यावर वैज्ञानिकांचे एकमत झाले आहे. आणि हे संशोधन प्रसिद्ध होऊ देणे हे कंपनीचे नैतिक कर्तव्य आहे, असेही त्यांनी कळवले. जेफ्री सुप्रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2023 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात या जुन्या भाकितांची प्रत्यक्ष तापमानाशी तुलना केली, तेव्हा त्यांतील 63 ते 83 टक्के अचूक ठरली. साक्षात ज्ञानाची अट येथे पूर्ण झाली होती, यात शंका नाही.

दुसरी अट मोडली ती कोहेन यांच्या त्या टिपणानंतर. ऑक्टोबर 1997 मध्ये कंपनीचे अध्यक्ष ली रेमंड यांनी बीजिंग येथील जागतिक पेट्रोलियम परिषदेत पृथ्वी वीस वर्षांपूर्वीपेक्षा थंड असल्याचे विधान केले, आणि 2000 मध्ये कंपनीने जाहिराती देऊन हे विज्ञान अजून अनिश्चित असल्याचे वाचकांच्या मनावर बिंबवले. न्यायदर्शन चर्चेचे तीन प्रकार सांगते: सत्य शोधण्यासाठी होणारा वाद, जिंकण्यासाठी होणारा जल्प, आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खंडन करणारी वितंडा. तापमान का वाढते आहे याचे पर्यायी उत्तर या जाहिरातींनी सिद्ध केले नाही, फक्त मिळालेल्या उत्तराभोवती धूसरपणा निर्माण केला. ही वितंडाच होय. संशयाला न्यायदर्शनात मानाचे स्थान आहे, कारण शोधाची सुरुवात तेथून होते, परंतु तो निर्णयाकडे नेणारा असावा लागतो. निर्णय हाती असताना लोकांच्या मनात पेरलेला संशय हा शोध नव्हे.

कंपनीच्या बाजूने दोन गोष्टी मांडल्या जातात आणि त्या टाळता येत नाहीत. तिच्या शास्त्रज्ञांनी आपले काही काम विद्वत्पत्रिकांतून प्रसिद्ध केले, हे खरे आहे. आणि डिसेंबर 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने भागधारकांच्या फसवणुकीच्या आरोपातून कंपनीला मुक्त केले, हेही खरे. मात्र तो खटला भागधारकांपुरता होता आणि हवामानबदलाच्या जबाबदारीतून कंपनीला सोडवण्याचा हेतू नाही, असे न्यायाधीशांनी निकालातच नमूद केले. विद्वानांना एक आणि जनतेला दुसरे सांगणाऱ्याला आप्त म्हणता येत नाही, कारण जसे कळले तसे सांगण्याची इच्छा श्रोता बदलला म्हणून बदलत नाही. यापेक्षा अवघड आक्षेप वेगळाच आहे: ‘कंपनीला ठाऊक होते’ या वाक्याला अर्थ तरी काय? न्याय-वैशेषिक मतानुसार ज्ञान हा आत्म्याचा गुण आहे, आणि कंपनीला आत्मा नसतो. हे मत स्वीकारले तर दोष हवेत विरून जातो असे वाटेल. प्रत्यक्षात तो अधिक नेमका होतो. ब्लॅक यांना ठाऊक होते, कोहेन यांना ठाऊक होते, त्यांची टिपणे वाचणाऱ्या संचालकांना ठाऊक होते. संस्थेच्या नावाआड ज्ञान लपत नाही, ते माणसांपाशीच राहते, आणि त्याचे ऋणही.

हे ऋण कोणाचे, हे पाहण्यासाठी हरसूलपर्यंत यावे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील या आदिवासी भागात नागली, वरई आणि भात पावसावर पिकतात. उन्हाळ्यात शेतकरी रोपांसाठी राब भाजतो: पालापाचोळा, शेण आणि फांद्या जमिनीच्या तुकड्यावर पसरून पेटवतो, मृगाच्या तोंडावर त्यात नागली टाकतो, आणि पाऊस बसला की रोपे उपटून आवणी करतो. राबाच्या धुरातील कार्बन गेल्या काही हंगामांत झाडांनी हवेतूनच घेतलेला असतो आणि नव्या पालवीत पुष्कळसा परत जातो. तेलातील कार्बन मात्र कोट्यवधी वर्षे जमिनीखाली होता, त्याला परतीची तशी वाट नाही. राब भाजल्यावर पावसाने ओढ दिली तर रोप वाफ्यातच जून होते, आणि एकदम कोसळला तर उताराच्या माळावरची माती वाहून जाते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवले की, 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या.

न्यायसूत्रकार गौतम आणि हरसूलच्या दक्षिणेस ब्रह्मगिरीवर गोदावरी आणणारे गौतम ऋषी यांना केवळ नावावरून एक मानण्याची गरज नाही. गरज आहे ती वात्स्यायनांनी ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना एकाच ओळीत बसवले त्याचा अर्थ पुरता घेण्याची. पावसाचा खंड कोणत्या नक्षत्रात पडू लागला आणि कोणत्या उतारावर आता नागली टिकत नाही, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले आहे आणि जो पाहिले तसे सांगतो, तो हरसूलचा शेतकरी या कसोटीवर आप्त ठरतो. मुंबई हायचे तेल काढणाऱ्या आपल्या सरकारी कंपनीच्या प्रयोगशाळांतही संशोधन होते, आणि तेथील शास्त्रज्ञाच्या टिपणाला हीच दुसरी अट लागते: ते कोणाच्या हिताला बाधते याचा हिशोब न करता, त्या शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत त्याच्यापर्यंत पोहोचले की नाही.