उरीयाचे रक्त

बायबलातल्या दुसऱ्या शमुवेलाच्या अकराव्या अध्यायात दावीद राजा संध्याकाळी वाड्याच्या गच्चीवर फिरतो, स्नान करणारी बथशेबा त्याच्या नजरेस पडते, आणि पुढे तिचा नवरा उरीया स्वतःच्या मृत्यूचा हुकूम असलेले पत्र स्वतःच्या हाताने छावणीत पोचवतो. बायबलातल्याच पहिल्या इतिहास या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायातही हीच मोहीम येते. राजे युद्धाला निघतात तो ऋतू, सेनापती योवाबाची राब्बा शहरावरची चढाई, इतकेच काय, ‘दावीद मात्र यरुशलेमातच राहिला’ हा तपशीलही जसाच्या तसा आहे. त्यापुढे थेट विजय आणि पराभूत राजाचा मुकुट. गच्ची, पत्र, नाथान संदेष्ट्याने केलेली कानउघाडणी, सगळे गळले आहे. शिवण उसवलेली जागा मात्र दिसते, कारण राजा घरी का राहिला याला आता काही अर्थच उरत नाही.

इतिहासकर्त्याचा, म्हणजे इतिहास हा ग्रंथ लिहिणाऱ्याचा, काळ बहुधा इ. स. पू. चौथ्या शतकाच्या आसपासचा. यहुदी लोक इराणी साम्राज्याचे प्रजाजन होते, सिंहासन गेले होते, पुन्हा बांधलेले मंदिर तेवढे होते. म्हणून त्याचा दावीद मुख्यतः मंदिराची आखणी करणारा, गायकांच्या आणि मंदिराची सेवा करणाऱ्या लेव्यांच्या पाळ्या लावणारा राजा आहे. पण ही निव्वळ सारवासारव मानली तर एक अडचण येते. दाविदाने प्रजेची शिरगणती केली आणि त्या पापामुळे महामारी आली, ही कथा त्याने ठेवली आहे. कारण उघड आहे. महामारी ज्या खळ्यापाशी थांबली तीच मंदिराची जागा ठरली. म्हणजे मंदिरापर्यंत नेणारे पाप राहिले, न नेणारे गेले. शिरगणतीची चिथावणीही शमुवेलात परमेश्वराकडून येते, इथे सैतानाकडून.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्बवाक्स यांचे म्हणणे असे की समाज भूतकाळ साठवून ठेवत नाही, वर्तमानाच्या गरजेनुसार तो पुन्हा रचतो. इतिहासकर्त्याला हे चपखल लागू पडते. त्याला वाचणाऱ्या समाजाला मात्र ते अर्धेच लागू पडते, असे माझे मत आहे. या समाजाने नवी, स्वच्छ आठवण घडवली आणि जुनी, डागाळलेली आठवण तिच्या शेजारीच ठेवली. पुढच्या पिढ्यांची स्मृती या दोन दस्तऐवजांमधल्या भांडणातून घडत गेली.

यावर कोणी म्हणेल की यात समाजाची निवड कसली? शमुवेल आधीच पवित्र ठरला होता, टाकणार कसा? पण पवित्र ग्रंथ न जाळताही अडगळीत जाऊ शकतो. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत सापडलेल्या प्राचीन हस्तलिखितांत इतिहासाचा म्हणता येईल असा एकच छोटा तुकडा मिळाला, शमुवेलाच्या मात्र चार प्रतींचे अवशेष मिळाले. जे टिकले त्यावरून काढलेला हा अंदाज आहे, त्यावर फार भार टाकू नये. तरी स्वच्छ आवृत्तीने डागाळलेलीला हुसकावले नव्हते, एवढे त्यातून दिसते. शिवाय एक्कावन्नाव्या स्तोत्राच्या मथळ्यात बथशेबेचे नाव आहे. म्हणजे ती घटना थेट पश्चात्तापाच्या प्रार्थनेच्या माथ्यावर जाऊन बसली.

कुमरान पंथाच्या दमास्कस दस्तऐवजात तर दाविदाची बाजू वकिलाच्या थाटात मांडली आहे. राजाने पुष्कळ बायका करू नयेत असे नियमशास्त्र सांगते, मग दाविदाचे काय? उत्तर असे की तो ग्रंथ तेव्हा कराराच्या कोशात मोहोरबंद होता, दाविदाने तो वाचलाच नव्हता. पण त्याच्या कृत्यांचा हिशेब करताना लेखक उरीयाचे रक्त वेगळे काढतो. कायदा ठाऊक नव्हता ही सबब खुनाला चालत नाही, हे त्या कडव्या पंथालाही कळत होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हे सगळे लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या मूठभरांचे उद्योग, सामान्य माणसाच्या आठवणीशी त्यांचा काय संबंध? इ. स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहातल्या मेगिल्ला या प्रकरणात नियम आहे की दाविदाची ती कथा सभेत वाचू नये आणि तिचे भाषांतरही करू नये. साध्या श्रोत्यांपर्यंत ती पोचत नसती, तर असा नियम करण्याची गरज पडली नसती. झाकायचे ठरले, तरी ग्रंथातून ओळ खोडावी असे मात्र कोणी सुचवले नाही.

मिश्नावरच्या चर्चांचा संग्रह असलेल्या बाबिलोनी तालमूदात हे भांडण सर्वांत मोकळेपणाने दिसते. दाविदाने पाप केले असे म्हणणारा चुकतो, असे एक मत शब्बाथ या प्रकरणात नोंदवले आहे. दाविदाच्या घराण्यातर्फे लढायला जाणारा शिपाई बायकोला आधी सोडचिठ्ठी लिहून देई, म्हणून बथशेबा परस्त्री नव्हतीच, असा तिथला युक्तिवाद. तो इतका ताणलेला आहे की हसू येते. याच चर्चेत मिश्नाचे संकलक राब्बी यहूदा हे शमुवेलातल्या निषेधाच्या शब्दांचा सौम्य अर्थ लावतात, आणि राव नावाचे पंडित शेरा मारतात की राब्बी स्वतः दाविदाच्या वंशातले, म्हणून ते दाविदाच्या बाजूने अर्थ काढतात. संपादकांना हा शेरा गाळता आला असता. त्यांनी तो राब्बींच्या मताला लागूनच ठेवला, आणि तालमूद शिकणारा विद्यार्थी आजही ते मत आणि तो टोमणा एकाच पानावर वाचतो.