झाकणे आणि सांभाळणे

घरातील कर्ता पुरुष मद्य घेऊ लागला असता ते चारचौघांत उघड होऊ न देणे हा घरच्यांचा धर्म, की वेळीच बाहेरचे साहाय्य मागणे हा धर्म? लालबाग परिसरातील आपल्या कुटुंबांनाही हा प्रश्न परका नाही. त्याचे उत्तर देताना आपल्या मनावर, नकळत, एका नाटकाचा पगडा असतो.

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या निधनानंतर, १९१९ साली, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. वकिलीची सनद काही काळ रद्द झाल्याच्या अपमानात सुधाकर पहिला प्याला घेतो. सिंधू दळण दळून सारे सोसते. तिच्यासाठी आपण शंभर वर्षे अश्रू ढाळले, पण त्याबरोबर दोन समजुतीही पदरी बांधून घेतल्या, असे आम्हांस वाटते. मद्यपी म्हणजे सर्वस्व गमावलेला मनुष्य, ही एक. आणि मुकाट्याने सोसणे हेच पत्नीचे भूषण, ही दुसरी. त्यामुळे जो वेळेवर कचेरीत जातो व आरतीस उभा राहतो, त्याच्याविषयी शंका घेणेच आपणांस पाप वाटते.

वास्तविक खुणा फार आधी दिसू लागतात. अमेरिकेतील डॉक्टर जॉन ईविंग यांनी १९८४ साली चार साधे प्रश्न प्रसिद्ध केले. पिणे कमी करावयास हवे असे कधी वाटले काय? कोणी टोकल्यास राग येतो काय? पिण्याबद्दल मनास खंत वाटते काय? सकाळी उठताच हात-पाय स्थिर करण्यास घोट लागतो काय? दोहोंचे उत्तर ‘होय’ असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ‘श्रावण कडक पाळतो, मग व्यसन कसले?’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. महिना निभावतो हे खरे. पण तो कधी संपतो याचे दिवस मोजले जात असतील, तर त्या निभावण्याचा भरवसा किती धरावा?

येथे एक धोका स्पष्ट सांगितला पाहिजे. पुष्कळ वर्षे रोज भरपूर पिणाऱ्यास देवापुढे शपथ घालून एकाएकी सोडावयास लावू नये. सरावलेल्या शरीरास पहिल्या काही दिवसांत कंप, झटके व भ्रम होऊ शकतात. क्वचित प्राणावरही बेतते. शपथ घ्यावी, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

१ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर अशा धर्मस्थानी शासनाने मद्यविक्री बंद केली. हे योग्यच झाले; तथापि घरातील कपाटापर्यंत शासनाचा हात पोहोचत नाही. केंद्र शासनाच्या २०१९ च्या सर्वेक्षणात मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकास काही उपचार मिळाल्याचे आढळले. उरलेल्यांत आपल्यासारख्या अब्रूदार घरांतील मंडळी नसतील काय? ‘यांना ताप आला आहे’ असा निरोप कचेरीत धाडणारी पत्नी प्रेमानेच तसे करते, हे आम्ही जाणतो. परंतु त्या निरोपाने उपचार सोपा असण्याचे दिवस निघून जातात, आणि मुले खोटे बोलावयास शिकतात ती निराळीच. नवऱ्याची निंदा करीत फिरणे आणि एका जाणत्या माणसाशी बोलणे यांत भेद आहे; दुसरे करणाऱ्या स्त्रीस आपल्या मंडळींनी नावे ठेवू नयेत.

व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा शासकीय दूरध्वनी विनामूल्य आहे. पिणारा तयार नसला तरी घरच्यांनी त्यावर विचारणा करण्यास हरकत नाही.