दार उघडल्यानंतर

समता म्हणजे नुसता प्रवेश, की आतला निर्धास्त वावरही? नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे 2 मार्च 1930 रोजी सुरू झालेल्या दलितांच्या मंदिरप्रवेश सत्याग्रहाने हा प्रश्न धर्मालाच विचारला. नाशिकच्याच गंगापूर रोडवरच्या कचेऱ्यांत आज तो प्रश्न समलिंगी आणि ट्रान्सजेंडर सहकाऱ्यांचा आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले; 2019 च्या कायद्याने ट्रान्सजेंडर व्यक्तींशी नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली, आस्थापनांत तक्रार अधिकारी बंधनकारक केला. पण चहाच्या वेळची "लग्न कधी करतोस?" ही खोचक चेष्टा कायद्याच्या कानी जात नाही, साहेबाच्या जाते. तो हसला की सगळे हसतात. त्याने तिथल्या तिथे थांबवले की विषय संपतो. सहकाऱ्याने विश्वासाने सांगितलेले त्याच्या परवानगीशिवाय कुणालाही, अगदी घरच्यांनाही, न सांगणे हे त्याहून अवघड काम.