चार दिवसांचे घर आणि जाणाऱ्याचे दायित्व

वर्धा मार्गावरून रेल्वेमार्ग ओलांडून बेसाच्या दिशेने निघाले, की मनीषनगरची वस्ती लागते. नागपूरचे विमानतळ येथून जवळ आहे. मिहानमधील एम्स आणि जामठ्याचे कर्करोग रुग्णालयही याच बाजूला आहे. त्यामुळे येथील काही सदनिका आता महिन्याच्या नव्हे, तर दिवसाच्या भाड्याने दिल्या जातात. उपचारासाठी आलेल्या रुग्णांचे नातेवाईक, लग्नाचे पाहुणे, सुटीत मुलाबाळांसह आलेली कुटुंबे अशा घरांत उतरतात. नागपूर हे हज यात्रेच्या प्रस्थान-केंद्रांपैकी एक असल्याने त्या दिवसांत आपल्या यात्रेकरूंना निरोप देण्यासाठी विदर्भाच्या गावोगावांहून माणसे येतात, त्यांनाही विमानतळाजवळचे असे घर सोयीचे पडते. हॉटेलपेक्षा ते बरे. स्वयंपाकघर मिळते, वडीलधाऱ्यांना स्वतंत्र खोली मिळते, स्त्रियांना मोकळेपणाने वावरता येते आणि घरच्यांना मिळून नमाज पढता येते.

घर सोडण्याच्या सकाळी मात्र एक वाद हटकून निघतो. मालकाने व्हॉट्सॲपवर सूचना धाडलेली असते: भांडी घासून ठेवा, ओला-सुका कचरा वेगळा करून खाली न्या, चादरी काढून एका जागी ठेवा, अकराच्या आत किल्ली द्या. पाहुणे म्हणतात, "भाडे दिले, वर सफाईचे निराळे पैसे दिले, आता झाडूही आम्हीच मारायचा काय?" मालकाचे म्हणणे असे, की पैसे दिले म्हणून घराचा उकिरडा करण्याचा परवाना मिळत नाही. वाचकांपैकी अनेकांनी यातील एक बाजू कधी ना कधी मांडलीच असेल. हा प्रश्न वरवर क्षुल्लक आहे. तथापि ज्या दीनने दुसऱ्याच्या दारात उभे राहून परवानगी कशी मागावी हेही शिकविले, त्याला त्याच दारातून बाहेर पडण्याविषयी काहीच सांगायचे नसेल, असे समजणे योग्य होणार नाही.

सूरह अन्-नूरच्या २७व्या आणि २८व्या आयतींमध्ये अल्लाहने ईमानधारकांना आदेश दिला, की इतरांच्या घरांत अनुमती घेतल्याशिवाय आणि घरच्यांना सलाम केल्याशिवाय प्रवेश करू नये, आणि परत जा असे म्हटले गेले तर परत फिरावे. या आयती आपण अनेकदा ऐकतो. त्यांच्या लगेच नंतर आलेली २९वी आयत मात्र प्रवचनांत क्वचितच येते. जेथे कोणी कायमचे राहत नाही, परंतु ज्यांत तुमच्या उपयोगाची वस्तू किंवा सोय आहे, अशा घरांत जाण्यास हरकत नाही, असा तिचा आशय आहे. भाष्यकारांनी येथे वाटसरूंच्या सराया, मुसाफिरखाने, दुकाने यांची उदाहरणे दिली आहेत. मनीषनगरमधील दिवसाच्या भाड्याची सदनिका याच प्रकारात मोडते. आयतीचा शेवट विशेष ध्यान देण्याजोगा आहे. तुम्ही जे उघड करता आणि जे लपविता, ते अल्लाह जाणतो, असे तेथे बजावले आहे.

सरायीच्या परवानगीनंतर लगेच ही जाणीव का दिली गेली असावी? आपण मावशीकडे किंवा मेहुण्याकडे चार दिवस राहतो, तेव्हा सकाळी अंथरूण आपोआप घडी होते, ताट आपोआप मोरीत जाते. तेथे यजमानाची नजर असते, नात्याचा संकोच असतो. रिकाम्या घरात यजमान नसतो. किल्ली दारावरच्या डब्यात सापडते आणि तिथेच परत टाकली जाते. मालकाचे तोंडही दिसत नाही. लाज वाटावी असे कोणी समोर नसताना माणूस कसा वागतो, याची कसोटी अशाच जागी लागते.

पाकी हे निम्मे ईमान आहे, हे प्रेषितवचन आपल्या मुलांना तोंडपाठ असते. वुजू, गुस्ल, कपड्यांची पाकी यांविषयी आपण दक्ष असतो, आणि असायलाच हवे. पण आपल्या अंगावरची घाण काढून ती दुसऱ्याच्या वाट्याला ठेवली, तर घाण नाहीशी झाली नाही, तिने फक्त जागा बदलली. रस्ता, सावली आणि पाणवठा यांसारख्या सर्वांच्या वापराच्या जागी घाण करण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कठोर शब्दांत मनाई केली. ती जागा कोणा एकाच्या मालकीची नव्हती. तिथे मागाहून येणाऱ्याचा हक्क होता. भाड्याच्या घरातही आपल्यामागून कोणीतरी येणार असते.

आता कायद्याकडे वळू, कारण केवळ सद्भावनेने हा वाद सुटत नाही. आपल्या फुकहांनी या प्रश्नाचा विचार आठशे वर्षांपूर्वीच केला आहे, हे वाचून अनेकांना नवल वाटेल. हनफी विद्वान अलाउद्दीन कासानी (मृत्यू हिजरी ५८७, इ.स. ११९१) यांनी आपल्या 'बदाए अस्-सनाए' या ग्रंथात भाडेकराराच्या प्रकरणात तो घेतला आहे. त्यांच्या विवेचनाचा सारांश असा: भाड्याची मुदत संपली आणि घरात भाडेकरूच्या झाडलोटीतून साचलेली माती-केर उरली, तर ती उचलणे भाडेकरूवर आहे; कारण ती त्याच्या कृतीतून निर्माण झाली, जणू त्याने आपली वस्तूच तेथे ठेवली. पण शौचकूप आणि सांडपाण्याच्या वाटा भरल्या असतील तर काय? तर्काने पाहिले तर तेही त्याच्याच वापरामुळे भरले, म्हणून उपसा त्यानेच करायला हवा. तरीही विद्वानांनी येथे तर्क बाजूला ठेवला आणि तो भार घरमालकावर टाकला, कारण लोकांची रूढी तशी होती. पुढे उस्मानी राजवटीत १८६९ ते १८७६ या काळात 'मजल्ला' या नावाने हनफी व्यवहारनियमांची जी संहिता तयार झाली, तिनेही मुदतीत साचलेला केरकचरा काढणे भाडेकरूकडेच ठेवले. (कोकणातील शाफई बांधवांनी तपशिलासाठी आपल्या आलिमांना अवश्य विचारावे.)

या लहानशा मसल्यात न्यायाची केवढी जाण आहे! आपल्या हातून झालेला, दिसणारा, उचलता येणारा केर जाणाऱ्याचा. घराच्या रचनेतच मुरलेली, वेगळ्या श्रमाची आणि साधनांची घाण मालकाची. आणि या दोहोंमधली सीमा लोकरूढी ठरविते, जिला फिकहच्या भाषेत 'उर्फ' म्हणतात. आज सफाईचे शुल्क घेण्याची रूढी पडली आहे. त्या शुल्कात काय येते? फरशी पुसणे, न्हाणीघर धुणे, चादरी-अभ्रे बदलणे हे रूढीने येते, आणि त्याचा आग्रह पाहुण्याने धरला तर तो अन्याय करीत नाही. परंतु तीन दिवसांचे खरकटे, तेलाने माखलेली शेगडी, पलंगाखाली सारलेली बाळाची लंगोटे, कागदात न गुंडाळता टाकलेले पॅड, मेंदीने रंगलेल्या उशा हे कोणत्याही शुल्कात येत नाही. कोणाही समंजस माणसाला विचारा, तो हेच सांगेल.

रूढीच्याही वर करारातील अटी आहेत. मुसलमान आपल्या अटींना बांधील असतात, असे प्रेषितवचन आहे, आणि करार पूर्ण करण्याचा आदेश सूरह अल्-माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे. मालकाने घर देतानाच भांडी घासून ठेवण्याची अट सांगितली आणि आपण ती मान्य केली, तर निघताना तिच्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. हेच मांसाहाराचे. काही मालक आपल्या स्वयंपाकघरात मांस शिजवू नये अशी अट घालतात. ती आपल्याला गैरसोयीची वाटली तर दुसरे घर पाहावे. अट मान्य करून, खिडक्या लावून रात्री बिर्याणी शिजविणे आणि सकाळी खोलीत अत्तर फवारणे हा प्रकार करारभंगात मोडतो. त्या बिर्याणीतले मांस जबीहा होते, एवढ्याने तो हलाल होत नाही.

येथवर मालक आणि पाहुणा या दोघांचाच विचार झाला. पण या व्यवहारात एक तिसरी व्यक्ती असते आणि करारात तिचे नाव नसते. अकरा वाजता पाहुणे गेले, की दुपारी दुसरे येण्यापूर्वी घर पुन्हा लखलखीत करणारी बाई ती. तिची मजुरी बहुधा घरामागे ठरलेली असते, घाणीमागे नव्हे. आपण दिलेले सफाई-शुल्क मालकाकडे जाते. त्यातले तिच्या हाती किती पडते, हे पाहुण्याला ठाऊक नसते. म्हणून आपण भांडी तशीच टाकून गेलो, तर तो जादा तास मालकाच्या खिशातून जात नाही. तो तिच्या आयुष्यातून जातो, आणि पुढच्या घरी पोहोचायला उशीर झाला म्हणून बोलणीही तिलाच खावी लागतात.

सूरह अल्-मुतफ्फिफीनच्या आरंभी, घेताना पुरेपूर माप घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्या लोकांच्या विनाशाची घोषणा आहे. इमाम मालिक यांनी 'मुवत्ता'मध्ये नोंदविले आहे, की प्रत्येक गोष्टीत पुरेपूर देणे आणि कमी भरणे असते, असे म्हटले जाते. याचा अर्थ तराजू फक्त वाण्याच्याच हाती नाही. 'पैसे मोजलेत' असे म्हणून घराची प्रत्येक सोय वसूल करणारा आणि निघताना स्वतःचा केरही न उचलणारा पाहुणा कोणत्या मापाने देतो-घेतो, हे त्याने स्वतःच तपासावे. ह. अबू जर्र (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) दिलेली शिकवण सर्वश्रुत आहे: जे तुमच्या हाताखाली काम करतात ते तुमचे बंधू आहेत, त्यांच्यावर कुवतीबाहेरचे ओझे टाकू नका, आणि टाकलेच तर स्वतः त्यांना हात लावा. आणि मदीनेच्या मस्जिदीत झाडलोट करणाऱ्या त्या स्त्रीची हकीकत आठवावी. ती वारली, लोकांनी रात्रीच दफनविधी उरकला आणि प्रेषितांना (स.) कळविले नाही. त्यांनी तिची चौकशी केली, मला का सांगितले नाही असे विचारले, आणि तिच्या कबरीवर जाऊन नमाज पढली.

हजच्या दिवसांतील प्रसंग म्हणूनच अधिक टोचणारा आहे. यात्रेकरू निघण्यापूर्वी कर्जे फेडतो, नातेवाइकांकडे आणि शेजाऱ्यांकडे जाऊन झाल्यागेल्याची माफी मागतो. ही उत्तम प्रथा आहे, कारण माणसांचे हक्क माणसांनीच माफ करायचे असतात. निरोपाच्या त्या घाईत वीस-पंचवीस माणसे मनीषनगरच्या एखाद्या घरात जेवतात, दुआ करतात, डोळे पुसतात आणि विमानतळाकडे निघतात. मागे ओट्यावर देगचा उरतो. तो देगचा घासणाऱ्या बाईची माफी कोणी मागितलेली नसते, कारण तिचे नावच कोणाला माहीत नसते.

एक युक्तिवाद हल्ली वारंवार ऐकू येतो. 'आपल्या लोकांना आधीच घरे मिळत नाहीत. आपण घाण करून गेलो तर पुढच्या मुसलमानाला दार बंद होईल, म्हणून स्वच्छता ठेवा.' यामागची वेदना खरी आहे. नाव ऐकून घर नाकारले जाण्याचा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. तरीही हा युक्तिवाद मला पूर्णपणे पटत नाही. एका कुटुंबाच्या मोरीवरून सगळ्या समाजाची परीक्षा करणे हा अन्याय आहे, आणि तो अन्याय गृहीत धरून मुलांना स्वच्छता शिकविणे म्हणजे त्यांना भीती शिकविणे होय. ज्याच्या मनात पूर्वग्रह घट्ट बसला आहे त्याला आपण फरशी आरशासारखी केली तरी काही ना काही सापडेल. शिवाय मालक आपल्याच समाजातला असेल, तर या युक्तिवादानुसार घाण टाकून जायला हरकत उरत नाही! घर स्वच्छ ठेवायचे, कारण ते अमानत आहे. मालक कोणत्याही धर्माचा असो.

आपल्यापैकी ज्यांची अशी घरे भाड्याने जातात, त्यांनीही चार गोष्टी ऐकाव्यात. सफाईचे शुल्क घेऊन फरशीही पाहुण्याकडूनच पुसून घेणे म्हणजे एकच माल दोनदा विकणे आहे. फिकहच्या दृष्टीने भाड्याची वस्तू भाडेकरूच्या हाती अमानत असते. त्याने मर्यादा ओलांडली नसेल, हयगय केली नसेल, तर वापराने झालेल्या झिजेची भरपाई त्याच्याकडून घेता येत नाही. चहाचा जुना डाग दाखवून अनामत कापणे हे त्या पैशांना हराम करणारे आहे. आणि घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याची शिकवण सफाई करणाऱ्या बाईलाही लागू आहे; घर जास्त घाण निघाले तर तिला जास्त द्यावे.

पाहुण्याच्या हातून काच फुटली, नळ तुटला, तर सांगून टाकावे. फुटलेली बशी कपाटात मागे सारून ठेवणारा तात्पुरता वाचतो; 'जे लपविता ते' या शब्दांत तीही बशी येते.

आणखी एक गोष्ट पुरुषवाचकांसाठी. निघण्याच्या सकाळी सफाई करायची, हे मान्य झाले की ती बहुधा घरातील स्त्रियांच्या माथी येते, आणि तीन पुरुष मिळून गाडीत दोन बॅगा लावीत राहतात. प्रेषित (स.) घरात काय करीत असत, असे विचारल्यावर ह. आइशा (रजि.) यांनी सांगितले होते, की ते घरच्यांच्या कामात असत.

रुग्णाला घेऊन आलेल्यांची गोष्ट निराळी आहे. रात्रभर जागलेल्या, पहाटे एम्सच्या रांगेत उभे राहायला निघालेल्या माणसाकडून ओटा धुण्याची अपेक्षा शरीअत करीत नाही. अल्लाह कोणावरही कुवतीबाहेर भार टाकीत नाही. अशा वेळी आदल्या रात्रीच मालकाला परिस्थिती कळवावी, काय करणे जमणार नाही ते स्पष्ट सांगावे, आणि सफाईला येणाऱ्या बाईंशी जादा कामाचे पैसे बोलून ते थेट त्यांच्या हाती पोहोचतील अशी व्यवस्था करावी. ते बक्षीस म्हणून देऊ नये. मजुरी म्हणून द्यावे.