व्रत आणि गर्व

२६ वर्षें ओढलेली सिगारेट आम्हीं सोडली, ती कोणत्याहि औषधावांचून. पहिले तीन-चार दिवस डोकें भणभणलें, झोंप उडाली, घरच्या माणसांवर आम्ही उगीच खेंकसलों. शरीराची ही कुरकुर तीन-चार आठवड्यांत बहुधा शमते. निकोटिन तर कांहीं दिवसांतच अंगांतून निघून जातें. मागें उरते ती संवय. चहाचा पेला पुढें आला, कीं बोटें रिकामीं वाटत. 'आज एकच' या युक्तिवादास वर्गांत आम्हीं शून्य गुण दिले असते; घरीं मात्र तो आम्हांस वर्षानुवर्षें पटला होता.

याहून सूक्ष्म मोह पुढेंच होता. आमचे एक तरुण सहाध्यापक निकोटिनचा च्युइंगम चघळून सिगारेट सोडूं पाहत होते. 'हा कुबड्यांवरचा विजय!' असें आम्हीं त्यांस हिणविलें. त्यांनीं लाजेनें च्युइंगम टाकला, आणि महिन्याभरांत सिगारेट पुन्हा त्यांच्या हातीं आली.

सिगारेट सोडणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं ती नुसत्या निश्चयानें सोडली आहे, हें खरें; औषधांनीं यशाचा संभव वाढतो, हेंहि तितकेंच खरें. मग मोल कशाचें करावें? मार्गाच्या खडतरपणाचें, कीं मुक्ततेचें? ज्या त्यागाच्या बळावर दुसऱ्यास कमी लेखावेंसें वाटतें, तो त्याग मनास मुक्त करीत नाहीं. एका व्यसनाच्या जागीं तो दुसरें आणून बसवितो. आम्हीं त्यांची क्षमा मागितली. त्यांनीं च्युइंगम पुन्हा सुरू केला आहे. आमचें हें दुसरें व्यसन सोडावयास मात्र बाजारांत औषध नाहीं. तें आम्हांस निश्चयानेंच सोडलें पाहिजे.