क्षमा झालेला अपराध अर्जात लिहावा काय?

परदेशी जाण्याकरिता व्हिसा मागणाऱ्यास बहुधा एक प्रश्न येतो: आपणांस पूर्वी शिक्षा झाली आहे काय? ज्याने तुरुंग भोगला व पुढे पश्चात्ताप करून नवे जीवन आरंभिले, अशा बंधूस वाटते की, देवाने क्षमा केली. मग हे लिहावे कशास?

आमच्या मते येथे समजुतीचा घोटाळा आहे. क्षमेने दोष जातो. घडलेली गोष्ट न घडलेली होत नाही. अमेरिकेच्या अर्जात तर, माफी मिळाली असली तरीही अपराध सांगावा, असेच विचारिले आहे.

कायदाही प्रत्येक अपराध्यास कायमचा अडवीत नाही. आपल्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात नैतिक अधःपतनाच्या अपराधाबद्दल निदान २ वर्षांची कैद झाली असेल तर पासपोर्ट नाकारितात. पण ती शिक्षा अर्जापूर्वीच्या ५ वर्षांतली असली पाहिजे. उलट खोटे लिहून व्हिसा मागणाऱ्यास अमेरिकेत जन्मभर प्रवेशबंदी होऊ शकते. म्हणजे जुना अपराध मागे पडतो, नवी लबाडी मात्र पुढे उभी राहते.

अनेसिमाचे उदाहरण पाहा. पौलाने त्यास धन्याकडे परत पाठविले, तेव्हा पत्रात त्याचे पूर्वीचे वर्तन झाकिले नाही. तथापि त्याचे देणे आपल्या माथी घेतले. उपदेशकांनीही असेच करावे. बंधूस खरे लिहू द्यावे, आणि त्याच्या आजच्या चालीविषयी आपली साक्ष लेखी द्यावी. इतके करूनही नकार आला तर प्रवास हुकेल. परंतु निर्मळ मन गमावून केलेला प्रवास कोणास लाभला आहे?