गाडीमागच्या माणसाचा हक्क

जुन्नरहून आपटाळ्यामार्गे येणारा रस्ता घाटघर गाठतो आणि नाणेघाटाच्या माथ्यावर संपतो. पुढे कडा आहे. खाली कोकणात उतरायचं तर दगडी वाटेनं, पायी, वैशाखऱ्याकडे. म्हणजे या पठारावर चढलेली प्रत्येक गाडी इथेच वळवावी लागते, आणि वळवताना थोडी तरी मागे घ्यावी लागते. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी उलटा धबधबा, नानाचा अंगठा हा सुळका, समोरचा जीवधन किल्ला पाहायला मोटारी, ट्रॅव्हलर, मिनीबस येतात. राज्य सरकारनं २०१८ साली जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं, २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. झोपायची, स्वयंपाकाची, न्हाणीची सोय पोटात घेतलेल्या गाड्या उद्या याच अरुंद रस्त्यानं येणार, हे धरूनच चालायला हवं.

अशी गाडी बांधून घेणारा माणूस खर्चाचा हिशेब मांडत असतो. गाद्या कसल्या, फ्रिज केवढा, छतावर सौरपॅनेल किती. त्या यादीत अगदी खाली एक ओळ असते: मागचा कॅमेरा बसवायचा का? वीस-बावीस फुटी गाडीवर लाखो रुपये घालणारा माणूस काही हजारांच्या या वस्तूपाशी अडखळतो. 'ड्रायव्हर जुना आहे, क्लीनर आहे, आजवर काही झालं नाही,' अशी उत्तरं येतात. मला या विचारपद्धतीवरच आक्षेप घ्यायचा आहे. कॅमेऱ्याचा खर्च मालक करतो, निर्णयही मालकच घेतो. पण तो निर्णय चुकला तर भोगणारा माणूस गाडीच्या मागे उभा असतो, आणि त्याला कोणी विचारलेलं नसतं.

कॅरॅव्हॅनच्या मागे काय असतं, ते आधी समजून घेऊ. साध्या मोटारीत ड्रायव्हरला मधल्या आरशातून मागची काच दिसते. कॅरॅव्हॅनमध्ये तिथे पलंग, कपाट किंवा न्हाणीघराची भिंत असते, त्यामुळे मधला आरसा निरुपयोगी. बाजूचे आरसे दोन्ही कडा दाखवतात, पण गाडीच्या थेट पाठीमागचा पट्टा दाखवत नाहीत. त्या पट्ट्यात अडीच-तीन फुटांचं मूल उभं असेल, कोणी वाकून चप्पल घालत असेल, वासरू बसलेलं असेल, तर कितीही निष्णात ड्रायव्हर असला तरी त्याला ते दिसणार नाही. चाळीस वर्षांच्या अनुभवानं हात सफाईदार होतो. पत्र्याच्या पलीकडचं दिसायला लागत नाही.

मग सांगितलं जातं की गावकऱ्यांनी आपली पोरं सांभाळावीत. हे ऐकलं की मन अस्वस्थ होतं. पर्यटकांची गर्दी नेमकी भातलावणीच्या दिवसांत उसळते. धडधाकट माणसं सकाळपासून खाचरात, पोटरीभर चिखलात वाकलेली असतात. घरी राहतात म्हाताऱ्या आज्या आणि लहान मुलं. उन्हाळ्यात अंगणात बाळहिरडा वाळत पडलेला असतो, मुलं करवंदांचे द्रोण घेऊन गाड्यांपाशी येतात. अंगण हे त्यांचं घरच आहे, आणि रस्ता अंगणाला लागून आहे. तिथे दोन-चार टन वजन घेऊन आपण जातो, सहलीसाठी जातो, आणि सावध राहण्याचं काम मात्र भात लावणाऱ्या आईवर टाकतो. वजन जो आणतो, जबाबदारी त्याची. हे तत्त्व आपण कारखान्याच्या यंत्राला लावतो, विजेच्या तारेला लावतो. सहलीच्या गाडीलाही लावलं पाहिजे.

हे केवळ खेड्यातल्या बेफिकिरीचं दुखणं आहे असं समजू नये. २००२ साली अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर एका डॉक्टरनं, तोही बालरोगतज्ज्ञ, घरासमोर गाडी मागे घेतली आणि त्याचा दोन वर्षांचा मुलगा कॅमेरॉन गुलब्रॅन्सन चाकाखाली गेला. मुलांना जपणं हाच ज्याचा व्यवसाय, त्या बापाला मागचं मूल दिसलं नाही. त्यानं दुःख उराशी धरून घरात बसणं पत्करलं नाही, कायद्यासाठी झगडला. मुलाच्या नावाचा कायदा २००८ साली झाला, नियम २०१४ साली ठरले, आणि मे २०१८ पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. तिथल्या वाहतूक सुरक्षा विभागाच्या अंदाजानुसार मागे येणाऱ्या गाड्यांखाली वर्षाला सुमारे २१० माणसं मरत होती आणि त्यांतला जवळपास तिसरा हिस्सा पाच वर्षांखालची मुलं होती. सत्तरी ओलांडलेल्यांचा वाटाही मोठा होता. मुलं आणि म्हातारी माणसं: लावणीच्या दिवसांत घाटघरच्या घरांत जी मागे राहतात, तीच.

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचा सेन्सर सक्तीचा झाला. ते योग्य पाऊल होतं, पण अपुरं. सेन्सर अडथळा आहे एवढंच सांगतो. तो दगड आहे की मूल, ते सांगत नाही. गवत, बांध, उतार यांपुढेही तो किणकिणतो, आणि दर वेळी किणकिणणाऱ्या यंत्राकडे माणूस दुर्लक्ष करायला शिकतो. कॅमेरा चेहरा दाखवतो. चेहरा दिसल्यावर ब्रेकवर पाय गेल्याशिवाय राहत नाही.

इथे एक जुना विषय काढावाच लागेल. नवी गाडी आली की आपण तिची पूजा करतो, चाकाखाली लिंबू चिरडतो, पुढे लिंबू-मिरची टांगतो, मागे काळी बाहुली बांधतो. कुणाच्या श्रद्धेचा अपमान करण्याची माझी इच्छा नाही. पण जो मनुष्य गाडीला कुणाची नजर लागू नये म्हणून दर शनिवारी पैसे मोजतो, त्यानं गाडीलाच मागची नजर नाही याची चिंता आधी करावी. आणि अपघात घडल्यावर 'त्याचं तेवढंच आयुष्य होतं' हे वाक्य तर आपण बोलणंच सोडून दिलं पाहिजे. जे टाळता आलं असतं, ते नशिबाच्या माथी मारणं म्हणजे गेलेल्या जीवावर दुसऱ्यांदा अन्याय करणं.

तरीही कॅमेरा लावला म्हणजे कर्तव्य संपलं, असं मी म्हणणार नाही. घाटघरचा पाऊस ज्यानं पाहिला आहे, त्याला हे सांगायला नको. धुकं दहा पावलांवरचं पुसून टाकतं, वारा रिव्हर्सच्या हॉर्नचा आवाज उडवून नेतो, मागच्या चाकांनी उडवलेला चिखल भिंगावर बसतो. थेंब साचलेल्या भिंगातून पडद्यावर नुसता राखाडी डाग दिसतो. रुंद कोनाच्या भिंगामुळे जवळची वस्तूही लांब वाटते. म्हणून कॅमेरा उंचावर, छपराच्या कडेखाली, वर छोटी झडप असलेला हवा. रात्री दिसणारा हवा. आणि गाडी मागे घेण्यापूर्वी खाली उतरून फडक्यानं भिंग पुसायला आणि गाडीभोवती एक फेरी मारायला हवी. ती फेरी मारायला मिनिटसुद्धा लागत नाही. पण ती मारण्यात अनेकांना कमीपणा वाटतो. न उतरता, न विचारता, एका दमात गाडी मागे लावणं ही आपल्याकडे मर्दुमकी समजली जाते. ही समजूत मुळापासून उपटली पाहिजे.

त्या मर्दुमकीची किंमत कोण देतं, तेही पाहा. कुटुंबाची सहल असेल तर भर पावसात बायको खाली उतरते, 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणते, आणि अंदाज चुकला तर सगळ्यांदेखत बोलणी खाते. भाड्याची गाडी असेल तर क्लीनर उतरतो. बहुधा सतरा-अठरा वर्षांचा पोरगा. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये, सर्वांत धोक्याच्या जागी तो उभा असतो. त्याची मजुरी गाडीत सगळ्यांत कमी. कॅमेरा घेतला म्हणून या पोराला कामावरून काढू नका. त्याला मागे नाही, ड्रायव्हरच्या बाजूला, आरशात पूर्ण दिसेल असा उभा करा. तो आरशातून दिसेनासा झाला की गाडी थांबलीच पाहिजे, असा नियम करा. त्यानं हात वर केल्यावर मालकानंही वाद घालू नये. गाडीची सूत्रं त्या क्षणी त्या मुलाच्या हाती असतात, आणि तसा मान त्याला मिळाला पाहिजे.

नाणेघाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळात घाट चढून येणारे व्यापारी त्यात जकात टाकत, असं पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं. शेजारच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांची मोजदाद त्यात कोरली आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या वाटेनं येणाऱ्याला काही देणं लागत होतं आणि दिलेल्याचा हिशेब दगडावर राहत होता. आज येणाऱ्यानं काय द्यावं? मोकळी हवा, पाणी, दृश्य, सगळं फुकट घेऊन वर गावाच्या मुलांना धोका देऊन जावं, हे कोणत्या न्यायात बसतं?

कॅरॅव्हॅनची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते, तेव्हा कागदांबरोबर गाडी रिव्हर्समध्ये टाकून पडदा उजळतो का, हे पाहणं अवघड नाही. पण सरकारची वाट पाहत बसण्याचीही गरज नाही. घाटघरची ग्रामसभा स्वतः ठरवू शकते: मोठ्या गाड्यांनी वस्तीबाहेर एका ठरलेल्या जागी थांबायचं, घरांमध्ये मागे घ्यायचं नाही; मागचा पडदा बंद असेल तर गावातल्या नेमलेल्या माणसाच्या खुणेनंच गाडी वळवायची आणि त्याची मजुरी गाडीवाल्यानं रोख द्यायची. १ मेच्या ग्रामसभेत हा ठराव झाला, तर पहिल्या पावसाआधी गावाच्या वेशीवर फलक लागू शकतो.